नामंजूर काका

चाहत्यांच्या जगात खऱ्या नावाने कोणी वावरत नाही. या गोष्टीतल्या जावयाला तिथे ‘बारकावा’ म्हणत. म्हणजे नाव त्याने स्वतःच ठेवलं होतं, आणि त्या नावाने हाक मारणारे मोजकेच होते. दिवसा तो एका चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचा. संध्याकाळी घरी आला की आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचा. पाठीमागे जपानी ॲनिमेची पोस्टरं, समोर गोल दिवा, आणि कॅमेऱ्याकडे बघत बोलायला सुरुवात. एखादी मालिका बघावी की नाही हे सांगायला त्याला पाऊण तास लागायचा, आणि पाऊण तास ऐकूनही बघावी की नाही ते कळायचं नाहीच. ‘मौनाचा पोत’, ‘अवकाशाची लय’, ‘रेषेचा नकार’ असं तो बोलायचा. रेषा नेमकं काय नाकारते, असं एकाने खाली विचारलं होतं. बारकाव्याने त्याला ब्लॉक केलं.

बघणारे मूठभर. त्यांतली एक त्याची सख्खी मावशी. ती प्रत्येक व्हिडिओखाली न चुकता ‘छान बोललास, घसा सांभाळ’ असं लिहायची. बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसभर माणसांच्या आतलं बघून आलेल्या त्या बाईला नवऱ्याच्या गोल दिव्याचं फारसं अप्रूप नव्हतं. “तू बोलतोस चांगलं,” ती एकदा म्हणाली होती, “फक्त कुणाशी बोलतोस ते कळत नाही.” त्यावर तो म्हणाला होता, “तुला नाही कळायचं.” हे वाक्य त्याच्या जिभेवर इतकं बसलं होतं की दुकानात गिऱ्हाइकाने फ्रेम एवढी महाग का म्हणून विचारलं तरी तोंडातून तेच निघायचं.

अशा या घरात सासरे राहायला आले.

सासऱ्यांची सगळी हयात लिफ्ट तपासण्यात गेली होती. सरकारी तपासनीस. इमारत कुणाचीही असो, मालक कितीही हात जोडो, दोरखंड, ब्रेक, दाराची फट, सगळं बघून झालं की ते बॅगेतून शिक्का काढत. बहुतेक वेळा शिक्का एकच असे : नामंजूर. निवृत्त झाले तरी शब्द सुटला नव्हता. सासूबाई गेल्याला वर्ष होत आलं होतं, आणि आता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगी म्हणाली, “चालता यायला लागेपर्यंत आमच्याकडे राहा.” जावई म्हणाला, “हो, हो, राहा की.” पहिला ‘हो’ मनापासून होता. दुसरा ‘हो’ म्हणताना त्याच्या लक्षात आलं होतं की मोठा टीव्ही बाहेरच्या खोलीत आहे आणि सासऱ्यांचा पलंगही तिथेच लागणार.

मग काय, मालिका बघायची तर सासऱ्यांच्या पायाशी बसून बघायची.

त्या वेळी एका मालिकेची फार हवा होती. एक राजपुत्र आकाशाला भिडणाऱ्या मनोऱ्यात शिरतो आणि मजल्यामजल्यावरच्या राक्षसांशी लढत वर जातो, अशी. बारकावा वही घेऊन बसला. सासरे उशीला टेकून बघत होते.

“हा मुलगा कोण?”

“राजपुत्र आहे, बाबा. त्याच्या शरीरात एक राक्षस राहतो.”

“शाळेत जात नाही का?”

“जातो.”

“मग राक्षसाची हजेरी वेगळी लागते का?”

बारकाव्याने वहीत डोकं खुपसलं. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. “हा मनोरा किती मजली म्हणालात?”

“नव्याण्णव.”

“लिफ्ट कुठाय?”

“लिफ्ट नसते त्यात. तो लढत लढत वर जातो.”

“नव्याण्णव मजले, वर एवढ्या राक्षसांची वस्ती, आणि लिफ्ट नाही? बरं, आग लागली तर बाहेरचा जिना?”

“बाबा, ही कल्पना आहे!”

“कल्पना असली म्हणून परवानगी लागत नाही?” सासऱ्यांनी हात हवेत उचलला आणि मांडीवर आपटला. “नामंजूर!”

बारकाव्याने हे सगळं मोबाइलवर टिपलं होतं. हेतू काही चांगला नव्हता. आपल्यासारख्या जाणकाराला घरात काय काय सोसावं लागतं ते चार मित्रांना दाखवावं, थोडी टिंगल करावी, एवढंच. त्याने तो तुकडा ‘आमचे सासरे’ असं नाव देऊन चॅनेलवर टाकला आणि झोपला.

सकाळी दुकानात फोन काउंटरवर ठेवला तर तो थरथरून थरथरून पार कडेला गेला. आजवरच्या त्याच्या सगळ्या परीक्षणांना मिळून जेवढी माणसं आली नव्हती तेवढी एका रात्रीत आली होती. ‘काका म्हणजे काका आहेत!’ ‘एवढं नेमकं परीक्षण आजवर बघितलं नाही.’ ‘राक्षसाची हजेरी!!! मेलो.’ आणि एक, ज्यावर लोकांनी लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस पाडला होता : ‘अजून टाका, फक्त जावयाला मध्ये बोलू देऊ नका.’

करायला गेला टिंगल आणि झालं भलतंच. बारकाव्याच्या पोटात दुखायला लागलं, पण दुखऱ्या पोटानेही त्याला आकडे वाचता येत होते. संध्याकाळी तो गोल दिवा उचलून बाहेरच्या खोलीत घेऊन आला. “बाबा, आज अजून एक बघू या?”

बघता बघता सासऱ्यांचे ‘नामंजूर काका’ झाले. पाण्याखालच्या शाळेची मालिका : “वर्गात हवा खेळती नाही. नामंजूर.” उडत्या जहाजांचा सिनेमा : “कप्तान पंधरा वर्षांचा. परवाना कुणी दिला? नामंजूर.” प्रेमात पडलेली दोन मुलं बारा भागांत एकमेकांचा हात धरत नाहीत, त्या मालिकेवर तर काकांनी एकच वाक्य उच्चारलं, “एवढ्या वेळात मी दोन बहुमजली इमारती उरकल्या असत्या,” आणि ते वाक्य लोकांनी टी-शर्टच्या छातीवर छापून घेतलं.

गंमत अशी की ज्या मालिकांसाठी हे चाहते एकमेकांशी भांडत, रडत, केस निळे करून घेत, त्यांच्याच चिंधड्या उडालेल्या बघायला त्यांना कोण आनंद व्हायचा! आपलं आवडतं कुणी झोडपलं की ते म्हणत, काका खरं बोलतात. दुसऱ्याचं आवडतं झोडपलं की म्हणत, काका फारच खरं बोलतात.

काकांनाही सुख लागलं. नोकरीतला जुना कोट त्यांनी कपाटातून काढायला लावला. कॅमेऱ्यापुढे टाय बांधून बसायला लागले. घरातही ‘नामंजूर’ सुरू झालं. चहा नामंजूर, पडदे नामंजूर, व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी आणलेला लाल रबरी पट्टा नामंजूर. मुलगी म्हणाली, “बाबा, पुरे. इथे कुणी तुम्हाला पगार देत नाही.”

“देत होते तेव्हाही खरंच बोलत होतो,” काका म्हणाले. वाक्य चांगलं वाटलं म्हणून जावयाने ते पुन्हा म्हणायला लावलं, या वेळी कॅमेऱ्याकडे बघून.

बारकावा आता कॅमेरामन होता. त्याने मधल्या काळात स्वतःचं एक परीक्षण टाकून बघितलं. चॅनेल तेच, दिवा तोच. खाली पहिलीच प्रतिक्रिया : ‘काकांची तब्येत बरी आहे ना?’ दुसरी मावशीची होती.

याच सुमारास शहरातल्या मोठ्या ॲनिमे मेळाव्याच्या आयोजकाचा फोन आला. काकांनी मुख्य मंचावर यावं, एक तुकडा पडद्यावर दाखवू, काका तिथल्या तिथे निकाल देतील. आयोजक गोड बोलणारा माणूस होता. एका वेळी तिघांशी बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याचं ‘नक्की’ कुणासाठी आहे ते कळायचं नाही. बारकाव्याने अट घातली. सकाळी त्याचं स्वतःचं व्याख्यान ठेवायचं, विषय ‘रेषेचा नकार : एक पुनर्विचार’. आयोजक म्हणाला, “नक्की, नक्की.” मग म्हणाला, “पण काका येतायत ना?”

मेळाव्याची तयारी म्हणून काका दुपारी एकटेच मालिका बघायला लागले. जावई दुकानात, मुलगी हॉस्पिटलात. काका रिमोट घेऊन चुका शोधत. तपासनीस माणूस, तयारीशिवाय पाहणीला जायची सवय नाही. पण चुका शोधायच्या तर नीट बघावं लागतं, आणि नीट बघण्याचे काही धोके असतात, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी मुलगी लवकर सुटली. घरात आली तर बाबा पलंगावर ताठ बसलेले, पडद्यावरचं चित्र थांबवलेलं, आणि गालावर ओल.

“गुडघा दुखतोय का?”

त्यांनी मान हलवली. “हे बघ.”

‘पलीकडचा धक्का’ नावाची मालिका होती. एका बेटावर बोटीची तिकिटं विकणारी बाई. बेटावरची माणसं एकेक करून निघून जातात, ती त्यांना तिकिटं देत राहते, बस्स. ना राजपुत्र, ना राक्षस. काकांनी चित्र थोडं मागे नेलं आणि सुरू केलं. बाई कामाला निघते. कुलूप लावते, चार पायऱ्या उतरते, थांबते. परत येते, कुलूप उघडते, स्वयंपाकघरात जाते. गॅस बंदच आहे. तरी ती बटणाला हात लावून बघते. मग शेगडीवर दोनदा हलकेच थापटते आणि जाते.

मुलगी खांद्यावरची पर्स तशीच घेऊन उभी राहिली. “आई,” ती म्हणाली.

“रोज,” काका म्हणाले. “रोज तेच. मी खाली उभा राहून ओरडायचो, अगं उशीर होतोय. दोनदा थापटायची. लहान मुलाला थापटावं तसं.” त्यांनी नाक पुसलं. “हे फोटो काढलेले नाहीत गं. कुणीतरी बसून हे हाताने काढलंय. तो हात परत फिरतो ना, तो एकेक करून काढलाय. कशासाठी? गोष्टीत त्याचा काही उपयोग नाही. गॅस पेटत नाही, स्फोट होत नाही. कुणी तपासायलाही येणार नव्हतं.”

मुलगी शेजारी बसली. राहिलेले भाग दोघांनी मिळून बघितले. चहा करायचा राहून गेला.

जावई घरी आल्यावर ती म्हणाली, “बाबांना ती धक्क्याची मालिका आवडली.”

“आवडली म्हणजे?” बारकावा दचकला. “अगं, मेळाव्यात त्यांच्यासाठी तीच ठेवलीय! अतिशय संथ आहे, लोक खूप हसतील, म्हणून आयोजकाला मीच सुचवली.”

“तुला स्वतःला आवडली होती ना रे ती? केवढं तरी बोलला होतास.”

बोलला होता. ‘रिकाम्या जागेचं महाकाव्य’ असं नाव देऊन तासभर बोलला होता. पण ते जुनं झालं. “मंचावर बाबा बरोबर करतील,” तो म्हणाला. “प्रेक्षक समोर दिसले की माणूस सुधारतो.”

मेळावा एका प्रचंड प्रदर्शन-हॉलमध्ये होता. बाहेर रांगेत गुलाबी केस, पंख, शिंगं, चिलखतं. सुरक्षारक्षक प्रत्येक तलवार हातात घेऊन वाकवून बघत होता. वाकली की फोमची, आत सोड. एकाने चार महिने खपून बनवलेला ड्रॅगनचा पोशाख घातला होता. तो हॉलच्या दारातून तिरका होऊन आत आला, पण स्वच्छतागृहाच्या दारातून कसाही मावेना, आणि त्याच्या दोन मैत्रिणी शेपटी धरून त्याला धीर देत होत्या. आत टेबलामागे टेबलं, चित्रं, बाहुल्या, उशा. जो तो दुसऱ्याचा फोटो काढत होता आणि आपला काढायला लावत होता. एकमेकांना ओळखल्याचा आनंद मात्र खरा होता. ‘तू तोच ना, तिसऱ्या भागात मरतो तो?’ ‘हो!’ असं म्हणून मिठ्या मारत होते.

स्वागतकक्षात काकांना सोनेरी बिल्ला मिळाला : ‘सन्माननीय पाहुणे’. बारकाव्याला पांढरा. त्यावर छापलं होतं : ‘काकांचे जावई’.

“माझं व्याख्यान आहे सकाळी,” तो स्वागतकक्षातल्या मुलीला म्हणाला.

“हो सर, स्वच्छतागृहाच्या शेजारची खोली.”

त्या खोलीत तीन श्रोते होते. एक फोन चार्ज करत होता. एका बाईने उंच टाचांचे बूट काढले होते आणि ती पाय चोळत होती. तिसरा पहिल्या रांगेत वही उघडून बसलेला, डोळे चमकत होते. बारकाव्याला हुरूप आला. तो त्या एकाकडे बघून रेषेच्या नकाराबद्दल बोलत राहिला. प्रश्नांची वेळ झाल्यावर त्या एकाने हात वर केला आणि विचारलं, “काका इथूनच जाणार आहेत का?”

दुपारी मुख्य मंच भरला होता. काका काठी टेकत, कोट घालून आले तसा हॉलमध्ये एकच घोष उठला, “ना-मं-जूर! ना-मं-जूर!” तलवारी वर झाल्या. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. जावई मंचाच्या कडेला, हातात एक जादा माइक घेऊन, कारण आयोजकाने त्याला तांत्रिक मदतीला उभं केलं होतं.

पडद्यावर तिकिटं विकणारी बाई आली. कुलूप लावलं, पायऱ्या उतरली, परत फिरली. लोक आतापासूनच खिदळत होते. बाईने बटणाला हात लावला, शेगडीवर दोनदा थापटलं. चित्र थांबलं.

“तर काका!” आयोजक ओरडला. “निकाल?”

काकांनी माइक जवळ घेतला. “मंजूर,” ते म्हणाले.

हास्याचा स्फोट झाला. टाळ्या, शिट्ट्या. काय टायमिंग, म्हणाले लोक. काका थांबले, हसणं ओसरू दिलं. “नाही, मी खरंच म्हणतोय. ही मालिका चांगली आहे. आमची ही, म्हणजे माझी बायको, ती रोज अशीच परत यायची...” पुन्हा हशा. ‘आमची ही’ ऐकून काहींनी पोट धरलं. काका सांगत राहिले. खाली उभं राहून ओरडायचो ते सांगितलं, ती आता नाही ते सांगितलं. मध्येच त्यांचा आवाज फाटला, आणि मागून कोणीतरी त्या फाटलेल्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली. त्यालाही टाळ्या पडल्या.

हळूहळू हसणं विरळ झालं. हा विनोद नाही हे लोकांच्या लक्षात यायला लागलं तसे ते अस्वस्थ झाले. फसवणूक झाल्यासारखे. काका म्हणत होते, “मी चाळीस वर्षं लोकांचं काम तपासलं. जिथे कुणी बघणार नाही तिथे नीट काम केलेलं मला फार कमी वेळा दिसलं...” “कंटाळा!” मागून आवाज आला. “निकाल द्या!” “ना-मं-जूर! ना-मं-जूर!” पुन्हा घोष सुरू झाला, पण आता तो आनंदाचा नव्हता. ड्रॅगनने मुखवटा काढला होता आणि तो रुमाल शोधत होता, पण एका ड्रॅगनने काय होतंय.

आयोजक जावयाजवळ सरकला आणि दातांतून म्हणाला, “काहीतरी कर. तुझा सासरा आहे.”

बारकाव्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्याचकडे बघत होती आणि हळूच मान हलवत होती, नको म्हणून. त्याने समोर बघितलं. एवढी माणसं त्याने आयुष्यात स्वतःसमोर बघितली नव्हती. हातात माइक होता. तो चार पावलं पुढे गेला, काकांच्या खुर्चीशेजारी उभा राहिला, आणि दम भरून ओरडला, “नामंजूर!”

छत उडायचं बाकी राहिलं. लोक उठून उभे राहिले. त्याने काकांसारखा हात मांडीवर आपटला. “बारा भाग, आणि एक बाई गॅस बघायला घरी जाते! आम्ही काय इथे गॅस कंपनीत आहोत? नामंजूर!” पुन्हा गर्जना. वर्षानुवर्षं पाऊण-पाऊण तास बोलून जे मिळालं नव्हतं ते एका शब्दात मिळत होतं. शेजारी सासरे माइक मांडीवर ठेवून बसले होते. आवाज बंद करायचं बटण त्यांना सापडत नव्हतं, त्यामुळे त्यांचा श्वास तेवढा लाउडस्पीकरवर ऐकू येत होता.

परत येताना गाडीत बारकावाच आधी म्हणाला, “मी तुम्हाला वाचवलं, बाबा. लोक चिडले होते.”

“हो का,” काका म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “जावईबापू, ती मालिका तुम्ही पाहिलीत ना हो?”

“म्हणजे काय! तासभर बोललोय तिच्यावर.”

“मग ती शेगडीवर थापटते त्याबद्दल काही म्हणाला नाहीत तुम्ही. मी ऐकलं तुमचं ते, काल. सगळं ऐकलं.”

“मी जरा... दीडपट वेगाने बघतो. सगळेच बघतात. इतकं असतं बघायला.”

बायको गाडी चालवत होती. तिने आरशातून नवऱ्याकडे असं बघितलं की त्याला वाटलं आता एक्स-रे काढताना म्हणते तसं ‘श्वास रोखून धरा’ म्हणेल.

पुढचे काही दिवस चाहत्यांनी काकांची सालटी काढली. ‘विकले गेले.’ ‘कंपनीने पैसे चारले, दिसतंच आहे.’ ‘बायकोचं नाव काढून रडणं, किती जुनी युक्ती.’ छातीवर काकांचं वाक्य मिरवणारे आता ‘नामंजूर’ लिहून त्याखाली काकांचाच चेहरा छापू लागले. काही जणांनी हळूच लिहिलं की आम्ही ती मालिका पुन्हा बघितली आणि रडलो. त्यांना बाकीच्यांनी विचारलं, तुम्हाला किती मिळाले?

बारकाव्याने सासऱ्यांची बाजू घेणारा एक व्हिडिओ करायला घेतला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दिवा लावला, खुर्चीत बसला, “मित्रांनो, काका खोटं बोलत नव्हते,” एवढं म्हणाला. मग थांबला. मेळाव्यातल्या त्याच्या त्या आरोळीचा तुकडा किती लोकांनी बघितला ते एकदा बघून घेतलं. मग त्याने टाय बांधला आणि दुसराच व्हिडिओ केला. ‘खरा नामंजूर मीच.’ सगळे विनोद मुळात त्याचे होते, काका फक्त पाठ करून म्हणत, असं त्याने हसत हसत सांगून टाकलं. लोकांना ते पटलं. पटायला वेळ लागला नाही, कारण त्यांना नवा काका हवाच होता. ‘रिकाम्या जागेचं महाकाव्य’ त्याने त्याच दिवशी काढून टाकलं. मावशीने खाली लिहिलं, ‘सासऱ्यांविषयी असं बोलू नये.’ त्याने मावशीला ब्लॉक केलं.

आता तो मोठा परीक्षक झाला. परीक्षण दोन मिनिटांत संपायचं. आधी दीडपट वेगाने बघायचा, मग दुप्पट, मग नुसता शेवटचा भाग, मग लोक काय म्हणतात ते वाचून. मौनाचा पोत कधीचाच गेला. ज्यांनी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं ते मोठे परीक्षक फोन करू लागले. चष्म्याच्या दुकानात मालकाने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि सांगितलं, “गिऱ्हाइकांसमोर तेवढं नामंजूर नको म्हणू.”

काकांचा गुडघा केव्हाच बरा झाला होता. परत जायचं नाव मात्र ना त्यांनी काढलं, ना मुलीने. ‘खरा नामंजूर मीच’ हा व्हिडिओ बघून ती बापाला म्हणाली होती, “मी बोलू का त्याच्याशी?” काका म्हणाले, “काय बोलणार? तपासणी त्याची झालीय. आता दुरुस्ती त्याने करायची.” मग दोघं संध्याकाळी मालिका बघायला लागले, साध्या वेगाने. एखादी आवडली नाही तर काका म्हणत, “ही मला जमली नाही,” आणि दुसरी लावत. मेळावे असले की तिकीट काढून रांगेत उभे राहत. कोणी ओळखून चेष्टा केली तर काका हात जोडत आणि त्याच्या पोशाखाची शिवण कशी घातली ते विचारत. बहुतेक वेळा चेष्टा तिथेच विरघळायची, कारण शिवणीबद्दल कुणी विचारावं यासाठी तर तो मुलगा घरून निघालेला असायचा.

पुढच्या मोठ्या मेळाव्याला बारकावा मुख्य पाहुणा होता. निघायच्या दिवशी दुपारी तो बाहेरच्या खोलीत आला. टाय, नवा कोट, केस चापून बसवलेले. सासरे आणि बायको टीव्हीसमोर बसले होते.

“बाबा, एक विचार होता,” तो म्हणाला. “तुम्हीही चला मंचावर. सासरे-जावई समेट. आयोजकाचीच कल्पना आहे. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवायचा, मी वाकायचं, लोक वेडे होतील. मग आपण दोघं मिळून एकदम ओरडायचं.”

“केव्हा आहे?”

“आत्ताच निघायचं. गाडी खाली उभी आहे.”

काकांनी घड्याळाकडे बघितलं नाही. पडद्याकडेच बघत राहिले. “जावईबापू, तुमचं चालू द्या. आमचा शेवटचा भाग आहे आज.”

“बाबा, मालिका काय, कधीही बघता येते!”

“ही एका दमात बघायची आहे,” बायको म्हणाली. “आणि जाताना दार ओढून घे. जिन्यातला आवाज आत येतो.”

त्याने टाय सारखा केला. मग त्याने दार ओढून घेतलं. खालून गाडीवाल्याने हॉर्न दिला. तो पायऱ्या उतरायला लागला, तेवढ्यात आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. साधं, पोटातून आलेलं हसणं. त्याच्या पाठोपाठ काकांचं, “अगं मागे घे, मागे घे, ते पुन्हा बघू!”

मालिकेचं नाव त्याने पडद्यावर ओझरतं बघितलं होतं. गेल्याच आठवड्यात त्याने तिची चिरफाड केली होती, आणि लोकांनी ती फार उचलून धरली होती. तिच्यात हसण्यासारखं नेमकं काय आहे, ते पायऱ्या उतरताना त्याला काही केल्या आठवेना.